चष्मा यंत्राचा, कंबर बाईची

पक्षाघाताला आमच्या किनाऱ्यावर ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. वारं जातं एकाच्या अंगावरून आणि खाटेला बांधली जाते दुसरीच. ही दुसरी म्हणजे बायको, सून, मुलगी, नाहीतर नवऱ्याने टाकलेली म्हणून माहेरी परतलेली बहीण. तिच्याविषयी डॉक्टर फारसं बोलत नाहीत, सरकार बोलत नाही आणि पक्षाघातावर आता जे नवं यंत्र आलं आहे त्याच्या जाहिरातीत तर ती दिसतसुद्धा नाही. जाहिरातीत खुर्चीवर एक टापटीप म्हातारे गृहस्थ बसलेले असतात, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, चेहऱ्यावर हसू, हात हवेत. त्यांना खुर्चीत आणून कोणी बसवलं, चष्मा कोणी चढवला, आणि खेळ संपल्यावर संडासला कोण नेणार, हे प्रश्न त्या चित्रात नाहीत. आपण ते विचारायचे आहेत.

या यंत्राला व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात, मराठीत आभासी वास्तव. चष्म्याच्या आत दोन छोटे पडदे असतात. मान वळवली की चित्रही वळतं, त्यामुळे आपण त्या जागी खरंच आहोत असं मेंदूला वाटतं. समोर फळं दिसतात, ती उचलायची. चेंडू येतो, तो अडवायचा. हात किती हलला, किती वेळा हलला, याची नोंद यंत्र ठेवतं. स्वित्झर्लंडमध्ये २०१२ साली तेज ताडी या भारतीय वंशाच्या संशोधकाने स्थापन केलेल्या ‘माइंडमेझ’सारख्या कंपन्यांनी खास पक्षाघाताच्या रुग्णांसाठी अशी यंत्रं बनवली. साधे चष्मे आता मोबाइलच्या दुकानातही मिळतात. त्यामुळे ‘पुनर्वसन आता घरच्या घरी’ ही घोषणा सुरू झाली आहे.

मी दांडीची. मिठाच्या सत्याग्रहाची दांडी गुजरातेत, आमची दांडी पालघर तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला तारापूरची औद्योगिक वसाहत आणि १९६९ पासून चालू असलेलं अणुवीज केंद्र. म्हणजे देशातलं सगळ्यात पुढचं तंत्रज्ञान आमच्या दाराशी पन्नासहून जास्त वर्षं नांदतं आहे. त्यामुळे यंत्र म्हटलं की आम्ही बुजत नाही, आणि यंत्र आलं की सगळ्यांचं भलं होतं असंही मानत नाही.

यंत्राबद्दल खरं काय आणि फुगवलेलं काय

आधी यंत्राच्या बाजूने जे खरं आहे ते मान्य करू. पक्षाघातात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीमुळे थांबतो किंवा रक्तवाहिनी फुटते. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ टळली की मेंदूचा तेवढा भाग मरतो, आणि मेलेला भाग परत येत नाही. पण उरलेला मेंदू नवं शिकू शकतो. लहान मूल जसं घास तोंडात घालायला शिकतं, पडून पडून, सांडून सांडून, तसंच. सगळ्यात जास्त सुधारणा पहिल्या काही महिन्यांत होते, पण त्यानंतरही दार बंद होत नाही. मात्र शिकायचं तर तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते.

इथेच नेहमीची फिजिओथेरपी अपुरी पडते. अमेरिका आणि कॅनडातल्या उपचार-सत्रांची एक पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. एका सत्रात लुळ्या हाताकडून कामाची हालचाल करून घेतली जात होती सरासरी ३२ वेळा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदू बदलताना दिसला तो शेकडो आवर्तनांनंतर. श्रीमंत देशांतल्या सुसज्ज रुग्णालयांची ही गत. माणूस कंटाळतो, शिकवणाराही कंटाळतो. खेळात मात्र तेच हात हलवणं कंटाळवाणं होत नाही. आभासी वास्तवाचा खरा गुण हा, आणि तो छोटा नाही.

आता फुगवलेलं काय ते. जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ने २०१७ साली या विषयावरच्या ७२ चाचण्या, मिळून २,४७० रुग्ण, पाहिले. नेहमीच्या व्यायामाऐवजी तेवढाच वेळ आभासी खेळ दिला तर हाताच्या हालचालीत विशेष फरक दिसला नाही. नेहमीच्या उपचाराला जोड म्हणून दिला, म्हणजे एकूण वेळच वाढवला, तेव्हा फायदा दिसला. याचा सरळ अर्थ असा, की गुण वाढवलेल्या सरावाचा आहे, आणि तो सराव करून घेणारा उपचार आधी जागेवर असेल तरच यंत्र त्यात भर घालतं. ज्या गावात फिजिओथेरपीच पोचलेली नाही, तिथे जोड कशाला देणार?

दुसरी चाचणी तर प्रत्येक महिला मंडळात वाचून दाखवावी अशी आहे. कॅनडाचे डॉ. गुस्तावो सापोस्निक यांच्या गटाने चार देशांतल्या १४ केंद्रांत १४१ रुग्णांवर ती केली आणि २०१६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सगळ्यांना नेहमीचा उपचार होताच. त्याखेरीज निम्म्या रुग्णांना व्हिडिओ गेमच्या यंत्रावर खेळायला दिलं, निम्म्यांना पत्ते, डॉमिनो, चेंडू असले साधे खेळ दिले. वेळ दोघांना सारखाच, दोन आठवड्यांत तासातासाची दहा सत्रं. शेवटी दोन्ही गटांच्या हातांत सारखीच सुधारणा झाली. पत्त्यांचा जोड किती रुपयांना मिळतो ते सांगायला नको. पण पत्ते खेळायला समोर कोणीतरी बसावं लागतं. त्या बसण्याचा मोबदला कोणीच धरत नाही, आणि यंत्र विकणाऱ्याचा धंदा नेमका तिथेच सुरू होतो.

खाटेशेजारची बाई

आता गावात या. दांडी, नवापूर, उच्छेळी, मुरबे, सातपाटी, कोणतंही गाव घ्या. पुरुष बोटीवर जातो, आणि बोट लागल्यापासूनचं सगळं काम बाईचं. मासळी निवडायची, बोंबील वाळत घालायचे, जवळा पसरायचा, कोलंबी सोलायची, पाटी डोक्यावर घेऊन बोईसर-पालघरचा बाजार गाठायचा. शिवाय कितीतरी बाया तारापूरच्या कारखान्यांत ठेकेदाराच्या हाताखाली राबतात. कारखान्यांच्या सांडपाण्याने खाडीतली मासळी गेली, म्हणून आखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांना भरपाई भरायला सांगितलं. तोवर खाडीवर पोट असलेल्या बाईची रोजची कमाई आटून गेली होती. अशा घरात एके सकाळी कोणाच्या तरी अंगावरून वारं जातं.

पुढचं सगळ्या घरांत जवळपास सारखंच. पहिल्या तासात दवाखान्याऐवजी अंगारा, नाहीतर ‘कबुतराचं रक्त चोळा’ हा सल्ला. मग गाडी, बोईसर, तिथून पालघर, तिथून ‘मुंबईला न्या’. साडेचार तास वाटेतच संपतात. आठ-दहा दिवसांनी रुग्ण घरी येतो. कागदावर लिहिलेलं असतं ‘फिजिओथेरपी चालू ठेवा’. कोणी ठेवायची, कुठे, कशाने, ते लिहिलेलं नसतं. फिजिओथेरपिस्ट घरी बोलावला तर त्याच्या एका भेटीत पाटीवालीची दिवसाची कमाई जाते. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अस्थिव्यंग पुनर्वसनाची संस्था १९५५ पासून आहे. पण बोईसरहून लोकलने अर्धं अंग लुळं पडलेल्या माणसाला तिथे नेऊन आणायचं म्हणजे दोन माणसांचा अख्खा दिवस, आणि असा दिवस एकदा नव्हे, आठवड्यातून तीनदा.

मग ती फिजिओथेरपी बाईच करते. तिला कोणी शिकवलेलं नसतं. रात्री दर दोन तासांनी उठून कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. घास घशात अडकू नये म्हणून मान पुढे धरून भरवायचं. हगणं-मुतणं, अंघोळ, कपडे, चादरी. तिच्या दुप्पट वजनाच्या माणसाला खाटेवरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून खाटेवर न्यायचं. लुळा हात धरून ओढलं की खांद्याचा सांधा खाली सरकतो आणि जन्माचं दुखणं मागे लागतं, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून ती हात धरूनच उठवते. पुढे खांदा दुखायला लागला की बोल तिलाच. वर्षभराने तिची कंबर जाते. गावातल्या बायकांशी बोलताना मला वारंवार हेच ऐकू येतं: ‘त्यांना वारं गेलं तेव्हापासून माझी कंबर गेली.’ त्या कंबरेचा एक्स-रे कोणी काढत नाही. बाजार सुटतो तो वेगळाच. बाजारातली जागा एकदा गेली की परत मिळत नाही.

आणि वारं बाईच्याच अंगावरून गेलं तर? तेव्हा चित्र उलटं होत नाही, फक्त बाई बदलते. नवरा आजारी तर बायको करते, बायको आजारी तर सून, नाहीतर शाळेतून काढलेली मुलगी. मुलगी लहान असेल तर बाईला ‘थोडे दिवस’ माहेरी पाठवतात. ते थोडे दिवस संपत नाहीत. रुग्णालयांत झालेल्या पक्षाघाताच्या अभ्यासांत आपल्याकडे पुरुष रुग्ण नेहमीच जास्त दिसतात. त्यावरून बायकांना हा आजार कमी होतो असं समजण्याचं कारण नाही. रुग्णालयात कोणाला नेलं जातं, त्याचाही हा हिशेब आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने रुग्णालयाची नोंदवही बाजूला ठेवून गावागावांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. ८६ गावांत पक्षाघात हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं, साधारण दर सात मृत्यूंमागे एक, आणि यातले बहुतेक मृत्यू घरीच झाले होते. हा शहरी, श्रीमंत, तणावग्रस्त माणसाचा आजार आहे ही समजूत तिथेच संपायला हवी होती.

बरं होणं म्हणजे काय, याचं मापही बाईला वेगळं लावलं जातं. पुनर्वसनात १९६५ पासून वापरला जाणारा ‘बार्थेल निर्देशांक’ आहे. त्यात दहा गोष्टी पाहतात: खाणं, अंघोळ, तोंड धुणं-केस विंचरणं, कपडे घालणं, शौच, लघवी, संडासचा वापर, खाटेवरून खुर्चीवर येणं, चालणं आणि जिना चढणं. यात स्वैपाक नाही, पाणी भरणं नाही, मासळी कापणं नाही. पुरुष चालायला लागला की घर म्हणतं, ‘बरे झाले, आता आराम करा.’ बाई चालायला लागली की घर म्हणतं, ‘बरी झाली, आता चुलीकडे बघ.’ एका हाताने भाकरी कशी थापायची, कोयत्यावर मासा कसा धरायचा, भरलेलं भांडं कसं उतरवायचं, हे तिला शिकवणारं कोणी नाही. चष्म्यातल्या आभासी जगातही तिची पाटी नाही, कोयता नाही, जाळं नाही. तिथे सफरचंदं आणि चेंडू आहेत. ज्यांनी हे जग रचलं त्यांना बाईचं काम हे काम वाटलंच नाही. वाटलं असतं, तर कोलंबी सोलण्याइतका बोटांचा उत्तम व्यायाम दुसरा शोधावा लागला नसता.

‘घरच्या घरी’ या शब्दातली लबाडी

‘घरच्या घरी’ हा शब्द ऐकला की बायकांनी सावध व्हायला हवं. घर म्हणजे भिंती नव्हेत. ‘घरी होईल’ याचा अर्थ ‘बाई करील आणि पैसे मागणार नाही’ असा असतो. रुग्णालयं रुग्णाला लवकर सोडतात तेव्हा रुग्णालयाचा खर्च वाचतो. तो खर्च जातो बाईच्या झोपेतून, मजुरीतून आणि मणक्यांतून. हिशेबाच्या वहीत तो येत नाही, म्हणून त्याला बचत म्हणतात.

हे केवळ माझं मत नाही. घरच्या माणसांना शिकवून पुनर्वसन साधेल का, हा प्रश्न भारतातच तपासला गेला आहे, आणि फार मोठ्या प्रमाणावर. ‘अटेंड’ नावाची ही चाचणी देशातल्या १४ केंद्रांत १,२५० रुग्णांवर झाली आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या रुग्णांच्या घरच्या माणसाला रुग्णालयात प्रशिक्षण दिलं, नंतर घरी भेटीही दिल्या. उरलेल्यांना नेहमीचेच उपचार. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत्यू पावलेल्या किंवा दुसऱ्यावर अवलंबून राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण सारखंच होतं, ४७ टक्के. म्हणजे प्रशिक्षित माणसाचं काम घरच्या माणसावर ढकललं तर ते होत नाही.

यावर कोणी म्हणेल, घरच्या बायकांनी नीट केलं नसेल. हाच तो जुना कावा. मी उलटं विचारते. जी बाई पहाटे चारला उठून पाणी भरते, डबा करते, बाजार करते, रात्रीतून चारदा कूस बदलते, तिच्या दिवसात व्यायामाचा आणखी एक तास कुठून आणायचा, हे कोणी सांगितलं का? तुम्ही तिला कौशल्य दिलंत, वेळ दिला नाहीत. तिचं दुसरं कोणतंही काम कोणाच्या अंगावर गेलं नाही. प्रशिक्षणाने बाईच्या दिवसाचे तास वाढत नाहीत, आणि चष्म्यानेही वाढणार नाहीत. उलट चष्मा पुसणं, चार्ज करणं, चढवणं, चष्मा लावलेला माणूस चक्कर येऊन पडू नये म्हणून शेजारी उभं राहणं, ही नवी कामं तिच्याच यादीत येतील.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीचे आकडे बोलके आहेत. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात, पुरुषाचे ८८. २०१९ साली हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषाचीही नऊ वाचली! या काळात घराघरांत मोबाइल आला, गॅस आला, मिक्सर आला. श्रमविभागणी जागची हलली नाही. यंत्राने ती आपोआप हलत नसते.

कायद्यात आहे, पण

दिव्यांग हक्क कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात काळजी घेणाऱ्या व्यक्तीची व्याख्या आहे. घरचं माणूसही त्यात येतं, मोबदला घेऊन करणारं आणि न घेता करणारं, दोन्ही. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात आपण एकदा दिसलो आहोत. कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूद आहे. कलम २७ मध्ये पुनर्वसनाची जबाबदारी सरकार आणि स्थानिक संस्थांवर टाकली आहे. पण दोन्ही ठिकाणी एक शेपूट आहे: ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. बाईच्या क्षमतेला मर्यादा आहे असं मात्र कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही.

केंद्राच्या वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमात ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर पुनर्वसन कर्मचारी आणि त्याच्या घरभेटी कागदावर कधीच्या आहेत. आपल्या तालुक्यात ते पद भरलं आहे का, आणि तो कर्मचारी शेवटचा कोणत्या गावात गेला, हे माहितीच्या अधिकारात विचारून पाहा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा सगळा भर रुग्णालयात भरती असलेल्या माणसावर आहे. खाटेवरून उठून घरी आलेला माणूस योजनेच्या नजरेआड होतो. २०२४ साली ‘लाडकी बहीण’ म्हणून दीड हजार रुपये सुरू झाले. ती ओवाळणी झाली. कामाची मजुरी वेगळी असते. ओवाळणी देणाऱ्याच्या मर्जीवर असते, मजुरी हक्काची.

कोणी म्हणेल, घरोघर फिजिओथेरपी कशी शक्य आहे? तामिळनाडूने ऑगस्ट २०२१ मध्ये ‘लोकांच्या दारी औषधोपचार’ अशी योजना सुरू केली, त्यात घरी जाऊन फिजिओथेरपी देणं धरलेलं आहे. केरळने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची सेवा करणाऱ्याला महिना ६०० रुपये देण्याची योजना काढली. रक्कम लाजिरवाणी आहे, पण तत्त्व मान्य झालं. आणि आपल्याला फार दूर जायलाही नको. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमून तिला मजुरी द्यायची, असं मान्य केलं होतं. मूल सांभाळणं हे मजुरीचं काम असेल, तर लुळा पडलेला माणूस सांभाळणं का नाही?

चष्मा घेऊन येणाऱ्याला विचारायचे प्रश्न

कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. औद्योगिक वसाहतीच्या कुशीतल्या गावांत हा पैसा येतो तो बहुधा वस्तूंच्या रूपाने. बाक, शिवणयंत्रं, संगणक. वस्तूवर नाव रंगवता येतं, पगारावर रंगवता येत नाही. आमच्याकडच्या एका बैठकीत असा चष्मा दाखवला गेला तेव्हा आम्ही बायकांनी काही प्रश्न विचारले. उत्तरं मिळाली नाहीत. प्रश्न सगळ्यांच्या उपयोगाचे आहेत म्हणून देते.

चष्म्याबरोबर माणूस येणार का, आणि तो किती वर्षं राहणार? बिघडला तर दुरुस्त कोण करणार? मायक्रोसॉफ्टने २०१० साली ‘किनेक्ट’ हे शरीराच्या हालचाली टिपणारं यंत्र आणलं, त्यावर जगभर पुनर्वसनाचे खेळ बेतले गेले आणि २०१७ साली कंपनीने त्याचं उत्पादनच बंद केलं. रुग्णाचं आयुष्य मालाच्या आयुष्याहून मोठं असतं. चष्म्याला बाहेरच्या बाजूने कॅमेरे असतात. ते आमच्या खोलीचं, आमच्या अंगावरच्या कपड्यांचं जे टिपतील ते कुठे जाणार? डोळे पूर्ण झाकलेल्या बाईच्या अंगाला अनोळखी पुरुष हात लावणार असेल तर तिला आधी विचारणार का, तिच्या ओळखीची बाई सोबत असणार का? पक्षाघाताने जिची वाचा गेली आहे ती ‘नको’ कसं म्हणेल, याचा विचार कोणी केला आहे का? आणि शेवटचा प्रश्न, रुग्ण खेळत असताना सून काय करत असेल? तिला तो तास मोकळा मिळणार असेल, तर चष्मा जरूर आणा.

यंत्राला आमचा विरोध आहे असा अर्थ कोणी काढू नये. पक्षाघात झालेल्या बाईला पुन्हा स्वतःच्या हाताने केस विंचरता येणार असतील तर आम्हाला यंत्र हवंच आहे, आणि ते मुंबईतल्या महागड्या रुग्णालयात अडकून न पडता बोईसरला यायला हवं आहे. पण ते केंद्रात यावं, प्रशिक्षित आणि पगारी माणसाच्या हाताखाली यावं. आमच्या स्वैपाकघराच्या कोपऱ्यात टाकून जाण्यासाठी नको.

दुसरा आक्षेप आपल्यातूनच येतो. ‘आपल्या माणसाचं करायचे पैसे मागायचे? सेवा ही का विकायची गोष्ट?’ सेवेची महती आम्हाला कोणी सांगू नये. सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करताच गेल्या. पण ती सेवा त्यांनी निवडलेली होती आणि ती घराबाहेरच्या, परक्या, टाकलेल्या माणसांची होती. जी नाकारण्याची सोयच नाही, ती सेवा नसते, वेठ असते. आणि सेवा एवढीच पुण्याची असेल तर निम्मं पुण्य पुरुषांनी घ्यायला कोणाची हरकत आहे? मुलगा बापाची चादर बदलतो तेव्हा गाव त्याला श्रावणबाळ म्हणतं. सून तेच करते तेव्हा गाव काहीच म्हणत नाही.

आपल्या मागण्या

मैत्रिणींनो, नुसत्या चिडण्याने काही होत नाही. गावागावांतल्या गटांनी या मागण्या ग्रामसभेच्या ठरावात, आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत आणि जिल्हा परिषदेत नेल्या पाहिजेत.

एक, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टचं कायम पद भरा. पक्षाघाताच्या रुग्णाला पहिले सहा महिने ठरलेल्या घरभेटी द्या. यंत्र त्यानंतर.

दोन, रुग्ण घरी सोडण्याआधी घरातल्या किमान एका पुरुषालाही उचलण्याचं, कूस बदलण्याचं, भरवण्याचं प्रशिक्षण द्या. ‘बाईमाणसाला बोलवा’ हे वाक्य वॉर्डातून बंद करा.

तीन, दिव्यांग कायद्यातला काळजीवाहू भत्ता राज्यात प्रत्यक्ष द्या. तो काळजी घेणारीच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावा आणि किमान वेतनाशी जोडलेला असावा.

चार, रुग्णाला दिवसातले काही तास ठेवता येईल असं पुनर्वसन केंद्र पाच-सहा गावांमागे एक काढा. तिथे पत्ते असोत, चेंडू असो, चष्मा असो. तेवढे तास घरची बाई बाजाराला जाईल, नाहीतर नुसती झोपेल.

पाच, हे काम आशा ताईंच्या गळ्यात बिनमोबदला बांधू नका. त्यांच्या नोंदवह्या आधीच भरल्या आहेत. त्यांच्याकडून काम हवं असेल तर आधी त्यांना कर्मचारी म्हणा, मग काम सांगा.

सहा, रक्तदाब गावातच तपासा आणि गोळ्या खंड न पडता द्या. पक्षाघाताचं सगळ्यात मोठं कारण उच्च रक्तदाब आहे. सगळ्यात स्वस्त पुनर्वसन म्हणजे वारं अंगावरून जाऊच न देणं, आणि त्याला ना चष्मा लागतो ना कोणाची कंबर.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एक काम करावं. आपल्या गावात किती घरांत खाटेवर माणूस आहे ते मोजावं, आणि त्याच कागदावर दुसरा रकाना आखून लिहावं: त्याचं कोण करतं, दिवसाचे किती तास, त्यापायी काय सुटलं. बाजार, मजुरी, शाळा, माहेर, झोप. हा दुसरा रकाना आजवर कोणत्याही सरकारी अर्जात नव्हता. तो आपण भरून नेऊ आणि टेबलावर ठेवू. यंत्राबद्दलचं बोलणं त्या कागदापासून सुरू होऊ दे.